चौदाव्या प्रकरणातलं रेटिंग

हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा त्यात २७ प्रकरणं होती आणि सगळी कादंबरी चौदाव्यात अडकली होती. लेखिकेला तसं वाटत नव्हतं. तिच्या मते चौदावं प्रकरण सगळ्यांत गोड होतं. मला मात्र तिथून पुढे वाचवेना, आणि का वाचवेना हे शोधण्यात आमचं दोघींचं जवळजवळ दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षाची ही हकिगत लेखिकेच्या परवानगीने लिहिते आहे. ऑफिसातल्या प्रेमावर मराठीत लिहू पाहणाऱ्या कुणाला तरी ती उपयोगी पडेल. कादंबरी अजून छापलेली नाही, म्हणून तिचं नाव आणि पात्रांची नावं देत नाही. नायिका, नायक आणि तिसरी, एवढ्यावर भागेल.

लेखिका बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळी नोकरी हिंजवडीतली. कादंबरीही तिथलीच. नायिका २७ वर्षांची, लातूरहून पुण्यात शिकायला आलेली, टेस्टिंगमधून धडपडून डेव्हलपमेंटमध्ये गेलेली. नायक ३४ वर्षांचा, डोंबिवलीचा, तिच्या टीमचा मॅनेजर. एका परदेशी बँकेच्या पेमेंटचं काम त्यांच्याकडे आहे. रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करायच्या रात्री प्रॉडक्शनला, प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिममध्ये, काहीतरी कोसळतं, सगळे एकेक करून घरी जातात, आणि पहाटे चारला नायिकेला चूक सापडते. ती चूक नायकाने स्वतः तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमधली असते. तो ते लगेच कबूल करतो आणि क्लायंटला पाठवायच्या मेलमध्येही तसंच लिहितो. नायिका तिथे त्याच्या प्रेमात पडते. हा प्रसंग मला पहिल्या वाचनातच फार आवडला. ऑफिसात माणसाचं चारित्र्य कळतं ते अशाच वेळी, चुकीचा मेल कोण कसा लिहितो यावरून.

चौदाव्या प्रकरणात अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, येतं. दोघांना एकत्र फिरायला लागून चार महिने झालेत, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. नायिका पोर्टल उघडते आणि तिला सर्वोच्च रेटिंग दिसतं. ती मान वर करते. काचेपलीकडच्या केबिनमध्ये तो स्क्रीनकडे बघत असतो, पण हसत असतो. प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं: ‘तिने मागितलं नव्हतं, त्याने दिलं होतं.’

मी संपादनाकडे येण्याआधी १९ वर्षं बँकेत होते. आमच्याकडे वरिष्ठ वर्षाच्या शेवटी अहवाल लिहायचे, आणि त्यातल्या एका ओळीवर बढती अडायची, बदली ठरायची. त्यामुळे ते हसू मला गोड वाटलं नाही, भीती वाटली. पण एवढ्यावरून लेखिकेला सांगणार काय? तिने विचारलंच, ‘तिची तेवढी पात्रता आहे, मी आधीच्या तेरा प्रकरणांत दाखवलंय की.’ आणि ते खरं होतं. पात्रता होती. कादंबरी कुठेही खोटं बोलत नव्हती.

मग मी तिला आयटीतली पद्धत समजावून सांगायला सांगितलं, कारण मला ती नीट ठाऊक नव्हती. तिने फोनवर सविस्तर सांगितलं. दहा जणांची टीम असेल तर सर्वोच्च रेटिंग एकालाच, फार तर दोघांना. बाकीचे मधल्या ढिगात. आणि एखाद्याला खालचं द्यावंच लागतं, कारण बेल कर्व्ह, म्हणजे वर थोडे, मध्ये बरेच, खाली थोडे अशी ठरलेली वाटणी, भरायचा असतो. मॅनेजर शिफारस करतो, मग नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये सगळे मॅनेजर आपापल्या माणसासाठी भांडतात. वरची एक जागा मिळवायची तर बदल्यात काहीतरी सोडावं लागतं. ‘म्हणजे,’ मी विचारलं, ‘या टीममध्ये खाली कोण गेलं?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते मी लिहिलंच नाही.’

इथे प्रकरणाची गाठ सापडली, पण ती सुटायला पुढे बरेच महिने लागले. अशा वेळी लेखक आणि संपादक दोघेही आधी सोप्या वाटा धरतात. आम्हीही धरल्या.

पहिली वाट त्यागाची. लेखिकेने नायकाला राजीनामा द्यायला लावला. तिच्या करिअरवर डाग नको म्हणून तो दुसरी कंपनी शोधतो, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भरतो, शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करून गेटबाहेर तिची वाट बघत उभा राहतो. लिहिलं सुंदर होतं. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं मन नायिकेकडे वळलंच नाही, कारण तिला करायला काहीच उरलं नव्हतं. आधी त्याने रेटिंग दिलं, आता नोकरी सोडून दिली. देणारा दोन्ही वेळा तोच. शिवाय वरचं रेटिंग जागच्या जागी होतं आणि खालचंही. नायक निघून गेला म्हणून नॉर्मलायझेशनच्या तक्त्यातली एकही ओळ बदलत नाही. आपल्याकडे प्रेमकथेतल्या पुरुषाने त्याग केला की वाचकाचे डोळे भरतात आणि प्रश्न तिथेच सोडून दिला जातो. मला तो सोडू द्यायचा नव्हता.

दुसरी वाट लवकर संपली. दोघांना एकाच पातळीवर आणलं, मॅनेजर नाही, नुसते सहकारी. तीन प्रकरणं लिहून झाल्यावर लेखिकेलाच कंटाळा आला. इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत साहेब आणि सेक्रेटरी ही जोडी इतकी वर्षं टिकली, कारण त्या दोघांमधलं सत्तेचं अंतर हीच त्या गोष्टीतली वीज असते. ती काढून टाकली की उरतात दोन चांगले लोक, कँटीनमध्ये डबा खाणारे.

दरम्यान मी हस्तलिखितातल्या कायद्याकडे वळले. एचआरमधली एक बाई नायिकेला सांगते, ‘पॉशखाली असं चालत नाही,’ म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, आणि पुढे टीममधला एक मत्सरी सहकारी नायिकेच्या वतीने नायकाविरुद्ध तक्रार टाकतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या, आणि या चुका ऑफिसाऑफिसांत लोक खऱ्या मानून चालतात म्हणून त्यावर थोडं थांबते.

राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे सरकारच्या महिला विकास योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या बाईवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या लढ्यातून १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, आणि त्या निकालातून २०१३ चा हा पॉश कायदा. तो प्रेमाला हात लावत नाही. त्याचा सगळा भार एका शब्दावर आहे: नकोसं. नकोसा स्पर्श, नकोशी मागणी, नकोसं बोलणं. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकमेकांना निवडलं तर हा कायदा मध्ये येत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण येऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी असं नातं कळवावं लागतं, विशेषतः एक जण दुसऱ्याचं काम जोखत असेल तर. पण ते हितसंबंधांबद्दलचं धोरण असतं, छळाचा कायदा वेगळा. आणि कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार लेखी करायची असते ती त्या बाईनेच. ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल, हयात नसेल, अशा ठरावीक परिस्थितीतच दुसरा कुणी तिच्यासाठी ती करू शकतो. तिच्या नावावर कुणीतरी परस्पर तक्रार ठोकून देणं हे कथानकाला सोयीचं असलं तरी खरं नाही, आणि ज्या बाईला उद्या खरंच अंतर्गत समितीकडे जायचंय तिच्यासाठी ते घातक आहे. ती अशी कादंबरी वाचून समजेल की ही समिती म्हणजे सूड उगवायची जागा.

त्याच कायद्याच्या नियमांत मला एक गोष्ट सापडली आणि ती मी लेखिकेला वाचून दाखवली. चौकशी चालू असताना समिती अशी शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने त्या बाईच्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. आमच्या कादंबरीत छळ नव्हता, तक्रार नव्हती. तरीही नियम करणाऱ्यांनी बोट कुठे ठेवलंय ते बघ, मी म्हटलं. अहवाल कोण लिहितो, यावर. प्रेम असो की छळ, ऑफिसातली सत्ता त्या कागदात असते.

लेखिकेने त्या रात्री मत्सरी सहकारी पूर्ण काढून टाकला. त्याच्याबरोबर चार प्रकरणं गेली. कादंबरी २३ प्रकरणांवर आली आणि खलनायकाशिवाय उभी राहिली.

आता भाषेबद्दल, कारण हस्तलिखितात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते भाषेने. आमच्या बँकेत सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे. दोघांचं जुळलंय हे शाखेला कळायचं ते एखाद्या दिवशी काउंटरवरून चुकून ‘अगं’ ऐकू आलं की. मराठी प्रेमकथेचं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हे जुनं आणि हुकमी वळण आहे. हिंजवडीत ते वळणच नाही. तिथे डायरेक्टरलाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि टीममध्ये दोन तेलुगू, एक बंगाली, एक तमिळ असताना बोलणं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मग जवळीक येणार कुठून? पहिल्या खर्ड्यात ती ‘आय लव्ह यू’मधून आली होती, आणि ते कागदावर थंड पडलं होतं.

मी विचारलं, ‘लातूरची मुलगी घरी फोनवर कशी बोलते?’ लेखिकेला उत्तर माहीत होतं, कारण तिची रूममेट लातूरचीच होती. नायिका ऑफिसात जपून, पुस्तकी मराठी बोलते. रिलीजच्या रात्री पँट्रीत तिच्या भावाचा फोन येतो आणि ती पटकन म्हणते, ‘काय करायलास रे अजून जागा?’ कॉफी घ्यायला आलेला नायक ते ऐकतो. ती ओशाळते. तो काहीच बोलत नाही. पुढे तीन प्रकरणांनी, रविवारी दुपारी, तिच्या फोनवर त्याचा मेसेज येतो: ‘काय करायलीस?’ बस, एवढंच. डोंबिवलीच्या मुलाने लातूरचं क्रियापद उचललं, म्हणजे त्याने काय उचललं हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही.

आणि ‘तुम्ही’ परत आलं, पण उलट्या दिशेने. ते पुढे सांगते.

रात्रीच्या गाडीचंही असंच झालं. रिलीजनंतर दोघं कंपनीच्या कॅबमधून घरी जातात, मागच्या सीटवर, बाहेर पाऊस, भूमकर चौकात सिग्नल लागलेला. पहिल्या खर्ड्यात गाडीत फक्त ती दोघं आणि ड्रायव्हर होता. मी म्हटलं, पुण्यात २००७ मध्ये बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीला कंपनीच्या गाडीतूनच पळवून नेऊन तिचा बलात्कार आणि खून झाला. ते ज्यांच्या लक्षात आहे असे वाचक इथे भरपूर आहेत, आणि तेव्हा मुलगी घरी पोहोचेपर्यंत जागत बसलेल्या आयाही. अशा गाडीत पुढच्या सीटवर सुरक्षारक्षक असतो. त्याला बसव. लेखिका आधी नाराज झाली, प्रसंग मोडेल म्हणाली. पण रक्षक बसल्यावर दोघांना मोठ्याने काही बोलता येईना. मग ती दोघं एकाच सीटवर बसून एकमेकांना फोनवर मेसेज टाइप करतात, मध्ये फक्त एक लॅपटॉप बॅग. रक्षक रेडिओचा आवाज थोडा वाढवतो. कादंबरीतलं माझं सर्वांत आवडतं पान ते आहे.

आडनावाचा विषय मी काढला आणि आमचं जरा वाजलं. ऑफिसात पहिल्या नावाने हाक मारतात खरी, पण मेलच्या सहीत आडनाव असतं, गळ्यातल्या आयकार्डावर असतं. हस्तलिखितात दोघांनाही आडनाव नव्हतं. लेखिकेचं म्हणणं, तिला जातीची कादंबरी लिहायची नाही. माझं म्हणणं, आडनाव लपवल्याने जात जात नाही, फक्त वाचक स्वतःच्या मनाने दोघांना आपल्याच जातीत घालून मोकळा होतो. तिने शेवटी आडनावं दिली, वेगवेगळ्या जातींची, आणि त्यावर एकच प्रसंग लिहिला. नायकाची आई मुलाच्या फोनवर ग्रुप फोटो बघते, झूम करून चेहरा नाही, आयकार्ड वाचते. मला आणखी हवं होतं. तिला नको होतं. कादंबरी तिची आहे.

मूळ गाठ अजून तशीच होती: खाली कोण गेलं. उत्तर तिसऱ्या प्रकरणात आधीपासून लिहिलेलं होतं, आम्ही दोघींनी ते पाहिलं नव्हतं. तिथे टीममधली एक वरिष्ठ सहकारी येते, नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली. हीच ती तिसरी. नायिकेला एसीत थंडी वाजते तेव्हा ती स्वतःचं स्वेटर देते, कॅबची वेळ चुकू नये म्हणून घाईने निघते, एवढंच तिचं काम होतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे अप्रेझलच्या वर्षातलं अर्धं वर्ष ती डेस्कवर नाही. मीटिंगमध्ये मॅनेजरला कुणाला तरी खाली ढकलायचंच असेल तर सगळ्यांत सोपं नाव तिचं. ‘शी वॉज अवे’ म्हटलं की टेबलाभोवती कुणी वाद घालत नाही. त्यासाठी नायकाला वाईट असण्याची गरज नाही. तो चांगलाच माणूस आहे, स्वतःच्या चुकीचा मेल लिहिणारा. नायिकेसाठी तो जीव तोडून भांडला, तिसरीसाठी भांडायला त्याच्यात जोर उरला नाही. आणि आपण नायिकेसाठीच एवढं का भांडलो, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

हे दिसल्यावर चौदावं प्रकरण लेखिकेने आठ दिवसांत नव्याने लिहिलं. पोर्टल, काच, हसू, सगळं तसंच ठेवलं. त्यानंतर नायिका आनंदात स्वेटर परत द्यायला तिसरीच्या डेस्कशी जाते आणि तिच्या स्क्रीनवरचा आकडा तिला दिसतो. तिसरी स्क्रीन बंद करते आणि विचारते, ‘तुला काय मिळालं?’ नायिका खोटं बोलते. त्या संध्याकाळी बाणेरच्या रस्त्यावर भांडण होतं, आणि इतके दिवस ज्याला ती तू म्हणत आली त्याला ती म्हणते, ‘तुम्ही मला रेटिंग दिलंत.’ तो हादरतो तो त्या ‘तुम्ही’ने. अडीच ओळींत लेखिकेने जे केलं ते माझ्या दहा पानी टिपणांनी झालं नसतं.

पुढचा भाग अवघड होता, कारण प्रणयकादंबरीला एक वचन पाळावं लागतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच गोष्टी मागते: प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. लेखिकेला हे वचन मोडायचं नव्हतं आणि मीही तिला मोडू दिलं नसतं. दिवसभर प्रॉडक्शनचे इश्यू सोडवून रात्री लोकलमध्ये, बसमध्ये जी बाई अशी कादंबरी उघडते, तिला तो शेवट मिळायला हवा.

या वेळी पाऊल नायिकेने उचललं. ती एचआरकडे जाऊन नातं कळवते आणि दुसरा मॅनेजर मागते. नायक तिच्या आधी जायला निघालेला असतो, ती त्याला थांबवते. एचआरला रिपोर्टिंग बदलायचं असतं, आणि हलवतात अर्थातच तिला, कारण मॅनेजर हलवणं कंपनीला महागात पडतं. ज्या पेमेंटच्या कामावर तिने तीन वर्षं रात्री जागवल्या ते तिच्या हातून जातं. लेखिकेने इथे तिला रडू दिलं, आणि नायकाला समजूत काढू दिली नाही. तो शेजारी बसतो एवढंच. नायक आपल्या वरिष्ठाकडे जाऊन तिसरीचं रेटिंग पुन्हा उघडायला सांगतो. ते उघडत नाही, त्या वर्षीच्या अप्रेझलची सायकल बंद झालेली असते. पुढच्या वर्षी पेमेंटच्या कामाची लीड म्हणून तो तिसरीचं नाव लेखी सुचवतो, आणि ते होतं.

शेवटच्या प्रकरणात पुढचं अप्रेझल आहे. नायिकेचा नवा मॅनेजर तिला मधलं रेटिंग देतो. शिवाजी चौकातल्या टपरीवर चहा घेताना ती नायकाला सांगते, ‘तीन आलं,’ आणि तो चहा सांडेपर्यंत हसतो. तीही. ते कुणीही न दिलेलं, तिचं स्वतःचं तीन असतं. लग्नाची तारीख ठरलेली नाही, नायकाच्या आईने अजून नीट फोन उचललेला नाही. पण त्या टपरीवर दोघं सुखी आहेत आणि वाचणाऱ्याला त्याबद्दल शंका राहत नाही.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर लेखिकेने मला एक गोष्ट सांगितली जी तिने दीड वर्षात काढली नव्हती. काही वर्षांपूर्वी ती स्वतः लीड होती. नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये तिने रजेवरून परतलेल्या एका सहकारी मैत्रिणीचं नाव खाली जाऊ दिलं होतं. तिथे प्रेमाबिमाचा संबंध नव्हता, नुसती घाई होती. मैत्रीण पुढे कंपनी सोडून गेली. चौदावं प्रकरण नव्याने लिहिताना तीच डोळ्यांसमोर होती. आता ते छापायला देण्याआधी तिला दाखवायला हवं, असं लेखिकेचं म्हणणं होतं. मी हो म्हटलं, पण काळजीच वाटत होती.

मैत्रिणीने ते प्रकरण एका रात्रीत वाचलं आणि सकाळी फोन केला. लेखिकेने माफी मागितली, ती ऐकून घेतली. छापू नको असं ती म्हणाली नाही. एकच दुरुस्ती सुचवली. तिसरी आपलं रेटिंग डेस्कवर बसून उघडते असं लिहिलंय, तसं नव्हतं. तिने ते घरी उघडलं होतं, बाळ मांडीवर झोपलेलं असताना, एका हाताने, ब्राइटनेस अगदी कमी करून.

लेखिकेने स्वेटरचा प्रसंग काढून टाकला आणि ते तसं लिहिलं.